शालीकरामचा जबडा

शालीकराम कापगते माती खायचा, असं आमच्या भागात अजूनही कोणीतरी सांगतं आणि माझं डोकं फिरतं. खायचा नाही, चावायचा. या दोन्हींत फरक आहे. लहान लेकरू माती खातं. शालीकराम चिमूटभर माती पुढच्या दातांत धरायचा, हलकेच दातावर दात घासायचा, जिभेनं टाळूला लावायचा आणि थुंकून टाकायचा. मग ती माती तलावाच्या पाळीत घालायची की फेकायची ते सांगायचा. तेवढ्यावर सगळ्या गावाचं दिवसभराचं काम ठरायचं. ज्याला हे खाणं वाटतं त्यानं खुशाल वाटून घ्यावं, पण माझ्यासमोर बोलू नये.

मी त्याला पाहिलं नाही. माझी आई सुमित्राबाई त्या वेळी गावात नवी सून होती आणि पाळीवर डोक्यावरून माती वाहायला जात होती. मला जे ठाऊक आहे ते तिच्याकडून आणि शालीकरामच्या बायकोकडून, धुरपताबाईकडून. दोघीही वाढवून सांगणाऱ्या नव्हत्या. धुरपताबाई तर इतकी सरळ बोलायची की लोक तिला टाळायचे.

आम्ही कोहळी. तलाव बांधणारे म्हणून आमची ओळख. आमचा पळसटोला केशोरीच्या पलीकडे दोन कोसांवर, थोडा उंचवट्यावर. बाजूला डोंगराच्या पायथ्याशी तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि बांध्यांच्या शेवटी, सगळ्यात खोलगट जागी, खालटोला नावाची वस्ती. फार पूर्वी एका श्रावणात तलावाची पाळ फुटली आणि अर्धा खालटोला वाहून गेला. तिथल्याच रुख्माबाईचा नवरा आणि मुलगी त्यातच गेली. उरलेली माणसं परत तिथंच घरं बांधून राहिली, कारण त्यांची शेतं तिथं होती. शेत उचलून वर नेता येत नाही.

तलाव मात्र कित्येक वर्षं फुटकाच पडून राहिला. शेवटी गावचे मालगुजार छोटेलाल यांनी पाळ नव्यानं बांधायचं मनावर घेतलं आणि काम शालीकरामच्या हाती दिलं.

पाळ, म्हणजे आमच्या बोलीत पार, बाहेरून दिसते तेवढी साधी नसते. तिच्या पोटात काळ्या चिकण मातीची एक भिंत असते. त्या मातीला आम्ही कन्हार म्हणतो. बाहेरच्या अंगाला कसलीही माती चालते, पण पोटातली भिंत नुसत्या कन्हारीचीच हवी. तिच्यात सिहार, म्हणजे रेताड माती मिसळली की पाणी आधी केसाएवढी वाट शोधतं, मग बोटाएवढी, आणि पुढं काय होतं ते खालटोल्यानं पाहिलेलं होतं. ओली माती डोळ्याला फसवते. बोटालाही फसवते. दातांना फसवत नाही, रेतीचा एक कण असला तरी करकरतो. म्हणून शालीकराम चावायचा.

आमच्याकडे तंबाखू न खाणारा माणूस शोधून सापडायचा नाही, पण हा तंबाखू खायचा नाही, पानही नाही. तोंड मातीसाठी साफ राहायला हवं म्हणायचा. धुरपताबाई यावरून त्याला सोलून काढायची. ‘‘घरी माहं वरन अरनी, बिनमिठाचं लागते या मानसाले, अना तिथं माती मिटक्या मारून चाखते!’’ तो हसायचा. भांडणात बायकोला उत्तर द्यायचं नाही हा त्याचा एकमेव शहाणपणा, असं आई सांगायची.

दोन उन्हाळे काम चाललं. एकोणीसशे सदतीसच्या पावसाळ्यात त्याच्या डाव्या गालाखाली, जबड्याच्या हाडावर, सुपारीएवढी गाठ दिसू लागली. सगळ्यांनी दातातली कीड म्हणून सोडून दिलं. केशोरीच्या बाजारात एक जण रिंगणीच्या बियांचा धूर द्यायचा. त्यानं धूर दिला आणि पडलेल्या किडी पानावर घेऊन दाखवल्याही. त्या किडी कुठून येतात ते त्या माणसालाच ठाऊक. गाठ होती तशीच राहिली, मग वाढायला लागली.

धान निघाल्यावर पाळीचं काम पुन्हा सुरू झालं. एके सकाळी शालीकराम कन्हारीच्या खाणीच्या काठावर उभा राहून माती चावत होता. त्यानं थुंकलं तर मातीसोबत दाढेजवळचा एक दात बाहेर पडला. रक्त नाही, कळ नाही. तो स्वतःच त्या दाताकडे बघत राहिला. खाणीत उतरलेली सगळी माणसं बघत होती. काही दिवसांनी तसाच दुसरा पडला. मग गावानं आपापसांत ठरवून टाकलं, तलाव या माणसाचे दात मागतो आहे, आणि या खाणीतली माती त्याच्या जबड्यात रुजली आहे.

हे वेडेपणाचं वाटत असेल तर त्या माणसांच्या जागी उभं राहून बघा. एक निर्व्यसनी, धडधाकट माणूस. वर्षानुवर्षं तोंडात घालत आला ती एकच गोष्ट, माती. आणि तोंडच सुजत चाललेलं. दुसरं काय वाटणार त्यांना?

पौषात गाठ कवठाएवढी झाली. खालचा ओठ डाव्या बाजूनं बधिर पडला, पेज प्याला तर ओघळते आहे हेही त्याला कळेना. तेव्हा धुरपताबाईनं कोणाचंही ऐकलं नाही. तिचा भाऊ ईश्वरदास अर्जुनीला रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. तिनं नवऱ्याला बैलगाडीत घालून अर्जुनी गाठली, ईश्वरदासला सोबत घेतलं आणि छोट्या रुळांच्या आगगाडीनं नागभीडवरून नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. शालीकराम जाताना देवचंदला, म्हणजे त्याच्या चुलतभावाला, एवढंच सांगून गेला की काम थांबवू नको, खाण बदलू नको.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी जबडा चाचपला, हाडाचा फोटो काढला, गाठीचा बारका तुकडा काढून तपासला आणि धुरपताबाईला समोर बसवून सांगितलं. ते बोलणं तिला जन्मभर पाठ होतं. ‘‘बाई, दात हाडात बसतो त्याआधी त्याला घडवणारं एक मांस असतं. दात घडले की त्याचं काम संपतं. यांच्या जबड्यात ते पुन्हा वाढायला लागलं आहे आणि आवरेनासं झालं आहे. हा कॅन्सर आहे. दाताच्या मुळातून निघणारा असा कॅन्सर फार क्वचित दिसतो. मी तरी आतापर्यंत एकदाच पाहिला होता.’’

तिनं विचारलं, ‘‘मातीनं झालं का जी?’’

‘‘मातीनं नाही. कशानं झालं ते मलाही माहीत नाही. पण मातीनं नाही.’’

माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगणारा डॉक्टर तिला फार आवडला. त्यांनी हनुवटीपासून कानाखालपर्यंत डाव्या बाजूचं हाड काढून टाकलं. सुट्टी देताना पुन्हा तिलाच बजावलं, ही गाठ परत येऊ शकते, रोज बोटानं चाचपत जा, राईच्या दाण्याएवढं काही लागलं तरी लगेच घेऊन या. उशीर झाला तर ती छातीत उतरते आणि मग आमच्या हातात काही राहत नाही.

होळीनंतर नवरा-बायको घरी आले. शालीकरामच्या तोंडाला हनुवटीखालून डोक्यावर बांधलेला पांढरा दुपट्टा होता. चेहरा एका बाजूनं आत बसलेला. आई म्हणायची, पहिल्या दिवशी मी पदर ओढून घेतला, मला बघवेना. बोलणं धुरपताबाईशिवाय कोणाला समजत नव्हतं. उरलेला खालचा जबडा डावीकडे सरकलेला, त्यामुळे वरचे दात खालच्यांना भेटत नव्हते. चावणं संपलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तो पाळीवर गेला. जिथं जुनी पाळ फुटली होती ते खिंडार भरत आलं होतं आणि पोटातली भिंत छातीइतकी वर आली होती. देवचंद मोठ्या उमेदीनं दाखवत होता. शालीकरामनं भिंतीतली माती उकरून हातात चुरली, पुन्हा चुरली. मग दुसरीकडची उकरली. मग कन्हारीच्या खाणीकडे गेला. खाणीभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि आत नारळ फोडलेले होते.

तो गेल्याबरोबर सगळ्यांनी मिळून खाण बंद केली होती. शालीकराम जिवंत परत येईपर्यंत या मातीला कुदळ लावायची नाही, म्हणजे ती त्याला सोडील, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि काम थांबवू नको असंही तो सांगून गेला होता, म्हणून नाल्याकाठची माती आणून भिंत चढवली होती. तीही काळीच दिसत होती. देवचंदनं बोटांनी तपासून घेतली होती. कोणी कामचुकारपणा केला नव्हता, उलट तो परत यावा म्हणून बायका-माणसं उपाशीतापाशी राबली होती. माझी आईसुद्धा त्यांतच. या लोकांनी त्याच्यावर माया केली आणि खालटोल्याच्या डोक्यावर रेतीची भिंत उभी केली.

पण ती सगळीच रेतीची होती का? काही थर जुन्या खाणीतल्या कन्हारीचे होते, काही माती मिसळलेली. कुठून काढायचं आणि कुठं थांबायचं, ते चावल्याशिवाय कळणार नव्हतं. शालीकरामनं मातीचा गोळा देवचंदपुढं धरला आणि आपल्या दातांकडे बोट दाखवलं.

देवचंद मागं सरला. ‘‘दादा, दुसरं काई बी सांग. हे नोको सांगू. माही लेकरं लहान आहेत गा.’’

शालीकरामनं गोळा दुसऱ्यापुढं धरला, तिसऱ्यापुढं धरला. समोर तो उभा, त्याचा तो चेहरा, आणि हातात तीच माती. कोणाचं धाडस होईल? मी असते तर माझंही झालं नसतं.

धुरपताबाई मागून आली. नवऱ्याच्या हातातली माती घेतली, दातांत घातली, त्याच्याकडे बघत बघत घासली आणि थुंकली. ‘‘करकरते,’’ ती म्हणाली. मग सगळ्यांकडे वळली. ‘‘डाक्टरनं मले सांगतलं, मातीनं नाई होत मनून. मी माह्या कानानं आयकलं. खोटं बोलत असन तं पयले माहा जबडा सुजन. आता तुमी पाहा.’’

तिनं दुसऱ्या जागेची माती उचलली. तेवढ्यात खालटोल्याची रुख्माबाई पुढं आली. ‘‘एकटी किती चावशीन वो बाई? आन इकडं. माह्या तोंडात दात थोडेच आहेत, पन आहेत.’’ तिनंही चावली, तीही करकरते म्हणाली. मग एकेक करून बायका आल्या. माझी आई गेली तर सासूनं मागून लुगडं ओढलं. आईनं ते सोडवून घेतलं, सासूशी तिचं पहिलं भांडण तेच. ती सांगायची, चांगली कन्हार टाळूला लोण्यासारखी चिकटते, आणि ती नाल्याकाठची माती न निवडलेल्या तांदळाच्या भातासारखी लागली. सगळ्यात शेवटी देवचंदनं चावली. चावून झाल्यावर तो भिंतीला टेकून लेकरासारखा रडला.

कळलं ते असं की खालून माणसाच्या मांडीपर्यंतची भिंत चांगली होती. त्यावरची सगळी काढायला हवी होती. पुरुषमाणसं खवळली. एवढ्या उन्हातान्हातलं काम आपल्याच हातानं उपसून टाकायचं, आणि तेही ज्याचं बोलणं कळत नाही अशा माणसाच्या सांगण्यावरून? छोटेलाल मालगुजार येऊन बघून गेले. म्हणाले, ‘‘तोड़ना है तो तोड़ो शालीकराम, मैं ना नहीं करता. लेकिन मृग सर पे है. अर्धी पाळ घेऊन पावसात बसाल तर होतं तेही जाईल.’’ ते खोटं नव्हतं. पण रुख्माबाईनं वादात भागच घेतला नाही. तिनं पदर खोचला, कोणाची तरी कुदळ उचलली आणि भिंत खणायला लागली. तिची मुलगी ज्या खिंडारातून गेली तिथंच ती उभी होती. तिला कोण थांबवणार? थोड्या वेळानं देवचंदनं तिच्या हातातली कुदळ घेतली आणि स्वतः खणू लागला. बाकीचे त्याच्या मागं आले.

बोरीचे काटे काढून खाण उघडली. शालीकराम दिवसभर पाळीवर उभा राहायचा. माती किती ओली, थर किती जाड, रेड्यांची जोडी किती वेळ फिरवून तुडवायची, जुन्या पाळीला नवी भिंत कुठं कशी कोरून बसवायची, सगळं हातांनी दाखवायचा. दात बायकांचे, बाकीचं त्याचं. बोलता येईना म्हणून तो हातवारे करायचा आणि चुकलं की मातीची ढेकळं मारायचा. लोक हसायचे, तोही दुपट्ट्याआडून हसायचा. लाळ गळायची ती पुसायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. अशा चेहऱ्यानं घराबाहेर पडायलाच दुसरा माणूस लाजला असता. त्याला लाजायला सवडच नव्हती, आणि याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

वैशाख लागला आणि एका सकाळी त्याचा गाल पुसताना धुरपताबाईच्या बोटाला व्रणाखाली दाणा लागला. राईपेक्षा मोठा होता.

‘‘चाला,’’ ती म्हणाली. ‘‘आजच गाडी जुंपतो.’’

त्यानं मान हलवली. पाळीकडे हात केला. पाळ पूर्ण झाल्यावर जाऊ.

‘‘पार देवचंद करन पूर्न. आता आमाले माती चावता येते. तुमचं का अडलं तिथं?’’

तो जे बोलला ते तिलाच कळलं आणि तिनंच पुढं आईला सांगितलं. तो म्हणाला, मागच्या वेळी मी गेलो तेव्हा या लोकांनी माझ्यासाठी खाण बंद केली. आता पुन्हा गेलो तर माझ्यासाठी आणखी काय करतील त्याचा नेम नाही. खिंडाराचा जोड अजून बसायचा आहे. तो चुकला तर खालटोला जाईल.

‘‘मी खालटोल्याची मालकीन नाई,’’ धुरपताबाई म्हणाली. ‘‘मी तुमची बायको आहो. मले सांगा, मी काऊन थांबू?’’

त्यानं दुपट्टा बांधला आणि पाळीवर गेला.  गाडीत काही बसला नाही.

मला विचाराल तर या भांडणात मी धुरपताबाईच्या बाजूची आहे. नवरा आपला, गाठ त्याच्या गालात, डॉक्टरनं दहादा बजावलेलं, आणि हा माणूस पाळीचा जोड बघत बसला. ज्याला आपण मोठेपणा म्हणतो त्याची किंमत घरातल्या बाईनं मोजायची, हे मला पटत नाही. पण खालटोल्यात त्या वेळी असलेल्या लेकरांची पोरं पुढं मी शिकवायचे त्या शाळेत आली, नातवंडंही आली. त्यांच्याकडे बघून शालीकरामला चूक म्हणायची माझी जीभ रेटत नाही. दोन्ही खरं आहे आणि मी दोन्ही घेऊन बसले आहे.

धुरपताबाई रडत बसली नाही. त्याच दिवशी पाळीवर गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, ‘‘या मानसाच्या गालात पुना दाना आला आहे. पार झाल्याबिगर दवाखान्यात जात नाई मन्ते. तुमी जितका उशीर करान तितका हा मरन. आता पाहा कायले बसून राहाचं ते!’’

त्यानंतर आमच्या गावानं जे काम केलं तसं पुन्हा कधी केलं नाही. पाळ खालटोल्यासाठी बांधायची होती, ती आता शालीकरामला नागपूरला पाठवण्यासाठी बांधायची झाली. आजूबाजूच्या गावचे सोयरे रेड्यांच्या जोड्या घेऊन आले. लग्नसराई होती, पण लग्नाची तिथी कोणी मोडली नाही. वऱ्हाड आधी पाळीवर उतरायचं, दुपारपर्यंत माती वाहायचं आणि मग मांडवात जायचं. आईनं बाशिंग बांधलेला नवरदेव डोक्यावर टोपली घेऊन जाताना पाहिला होता. त्याची सासू काठावरून ओरडत होती की जावयाची हळद उतरली. बायका चिमूट चिमूट माती चावून मजुरांना ओरडायच्या, ‘‘घ्या, घ्या, चांगली आहे!’’ आणि धुरपताबाई सगळ्यांच्या पुढं असायची. तिच्या हिरड्या सोलून निघाल्या होत्या. शालीकरामनं मात्र घाईत एकही थर पातळ होऊ दिला नाही. आपल्यासाठीच घाई चालली आहे हे त्याला ठाऊक होतं, तरी नीट न तुडवलेला थर तो पुन्हा तुडवायला लावायचा. तेव्हा धुरपताबाई त्याला शिव्या द्यायची आणि लोक मान खाली घालून पुन्हा रेडे फिरवायचे.

मृगाच्या तोंडावर पाळ झाली. शेवटची टोपली पडली आणि तिथूनच, अंगावरची माती न धुता, ईश्वरदासनं जुंपून ठेवलेल्या गाडीत दोघं बसली.

नागपुरात डॉक्टरांनी गाल चाचपला. मग पाठीला नळी लावून बराच वेळ छाती ऐकली. दाणा कधी लागला ते त्यांनी विचारलं. धुरपताबाईनं खरं सांगितलं आणि का थांबलो तेही सांगितलं. ते रागावले नाहीत. ‘‘आता छातीत उतरलं आहे बाई,’’ एवढंच म्हणाले आणि तिच्यासाठी पाणी मागवलं.

दोघं परत आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. खालटोल्यातली माणसं भांडीकुंडी आणि धानाचं बियाणं डोक्यावर घेऊन वर गावाकडे चालली होती. पाळ त्यांनीच बांधली होती, पण तिच्या खाली झोपायचं धाडस त्यांना होत नव्हतं. एकदा सगळं वाहून गेलेली माणसं ती. त्यांना नावं ठेवू नयेत. मात्र ती वरच राहिली असती तर रोवणी, म्हणजे धानाची लावणी, झाली नसती आणि तलाव बांधून काही उपयोग नव्हता. शालीकरामनं गाडी आपल्या घराकडे जाऊ दिली नाही. खालटोल्याकडे वळवली. रुख्माबाईच्या घरी, ओसरीवर, त्यानं खाट टाकून घेतली. धुरपताबाई त्याच्या शेजारी चूल मांडून बसली.

पहिल्या दिवशी कोणी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी एक बाई आपलं जातं-पाटा घेऊन परत आली. मग देवचंद आपली बायको-लेकरं घेऊन खाली राहायला आला. त्याचं घर वर गावात चांगलं उभं होतं, त्याला यायची काही गरज नव्हती. हळूहळू सगळा खालटोला भरला आणि बांध्यांमध्ये रोवणी सुरू झाली. शालीकराम खाटेवर पडून बघायचा. श्वास लागायचा, खोकल्यात रक्त पडायचं. पेजही जेमतेम उतरायची.

श्रावणात झड लागली. तलाव काठोकाठ भरला, सांडव्यावरून पाणी धो धो पडू लागलं. खालटोल्यात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. शालीकरामची वाचा तोवर बंद झाली होती, पण डोळे उघडे होते आणि पाळीच्या दिशेनं लागलेले. त्याचा जीव त्यातच अडकला आहे हे सगळ्यांना दिसत होतं.

पाऊस थांबला. दोन-तीन दिवस ऊन पडलं, वरची ओल उडाली. मग देवचंदनं खिंडार होतं त्या जागी, पाळीच्या बाहेरच्या पायथ्याशी, हातभर खोल खड्डा खणला. आतून पाणी झिरपत असेल तर अशा खड्ड्यात ते साचतं. सकाळपासून अख्खं गाव त्या खड्ड्याभोवती बसलं. धुरपताबाई काठावर बसली होती. दुपार झाली, ऊन उतरलं. तिनं खड्ड्यात हात घालून तळ चाचपला, पुन्हा चाचपला आणि उठली.

ओसरीवर येऊन ती नवऱ्याच्या खाटेशी खाली बसली आणि त्याच्या कानाशी वाकली.

‘‘पानी नाई आलं जी,’’ ती म्हणाली. ‘‘एक थेंब नाई आलं. मी सोता हात घालून पाह्यलं.’’

त्यानं तिचा हात धरला. तिनं धरू दिला.

‘‘आता तुमाले जाचं असन तं जा. मी अडवत नाई.’’